पावणेआठची साखर

१

गिरिजाबाई दाभोळे बुधवारी दुपारी गेल्या, आणि त्या कशा गेल्या हे त्यांच्या पोटावरचं नाण्याएवढं यंत्र दर पाच मिनिटांनी इमानेइतबारे टिपत बसलं होतं. टिपत बसलं, बस्स. साखर इतकी खाली आली की माणूस मरतो, तेव्हा निदान एक शिट्टी मारावी एवढी अक्कल ते बनवणाऱ्या परदेशी कंपनीने त्यात घातली नव्हती. दोन हजार सात साल होतं. ही यंत्रं तेव्हा नुसती लिहून ठेवायची, आणि डॉक्टर मागाहून वाचायचे.

समोरच्या दारात राहणाऱ्या मनोरमाबाई तेरवणकरांना त्या यंत्राचा पहिल्यापासून राग होता. महापालिकेच्या इस्पितळात एकतीस वर्षं लोकांचं रक्त तपासून त्या प्रयोगशाळेच्या मुख्य म्हणून निवृत्त झाल्या, गिरगावातली खोली विकून भाईंदरला इंद्रलोकमध्ये आल्या, आणि तेव्हापासून आख्ख्या सोसायटीला नाकाच्या शेंड्यावरून बघत आल्या. शेजारपाजारच्या शिकल्यासवरल्या लोकांविषयी त्यांचं मत इतकं वाईट होतं की ते ऐकायला लोक मुद्दाम त्यांच्याकडे चहाला येत. गिरिजाबाई तेवढ्या एकट्या त्यांना माणसात जमा वाटायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला फटकळ, आणि आकड्याला पक्क्या.

यंत्र असं होतं: पोटावर चिकटपट्टी, तिच्याखाली केसाएवढी सुई कातडीत जेमतेम शिरलेली. कातडीखालच्या पाण्यातली साखर ती मोजणार आणि वायरने कमरेच्या डबीत भरणार. डॉक्टर निकेत सबनीस आपल्या मीरा रोडच्या दवाखान्यात या यंत्राची चाचणी करत होते आणि गिरिजाबाई तिसऱ्यांदा ते लावून घेत होत्या. मंगळवारी संध्याकाळी पाचला डॉक्टरांनी घरी येऊन ते बसवलं. बुधवारी साडेपाचला सून स्वप्नाली शाळेतून परत आली, तर सासूबाई पलंगावर गार पडलेल्या.

गुरुवारी डॉक्टरांनी डबीतला आलेख छापून पोलिसांना दिला आणि पोलिसांनी शेवंतीला उचललं. शेवंती भाईंदरजवळच्या डोंगरी गावची, कोळ्याची पोर. गेली तीन वर्षं ती गिरिजाबाईंचं सगळं करायची, इन्सुलिनसुद्धा तीच टोचायची. पोलिसांची गाडी भरदिवसा तिच्या दारात जाऊन उभी राहिली आणि आख्ख्या गावाने ते बघितलं.

"त्या पोरीने मारलं?" मनोरमाबाई म्हणाल्या. "डोंबल!"

२

फौजदार आत्माराम सावे हा माणूस वाईट नव्हता, नुसता आळशी होता. मनोरमाबाईंच्या मते ते जास्त वाईट.

"मॅडम, बॉडीत काय सापडलं नाय. इन्सुलिन मेल्यावर सापडणं कठीण, तुम्हाला माहितीये," त्याने कागद पुढे सरकवला. "पण हे बघा. पावणेएकला साखर खाली यायला लागली ती सरळ पाताळात. म्हणजे सव्वाबाराच्या सुमाराला कोणीतरी दणकून डोस टोचला. सव्वापर्यंत साखर तळाला. त्या टायमाला घरात दुसरं कोण होतं? मुलगा अंधेरीला ऑफिसात, सून शाळेत. दोघांचं बघून झालंय. डॉक्टर सव्वापर्यंत दवाखान्यात, बाहेर ही गर्दी. राहिलं कोण?"

"ती काय म्हणते?"

"म्हणते साडेबाराला जेवण वाढलं, तेव्हाच रोजचं इंजेक्शन दिलं. आणि मशीन म्हणतंय जेवणाची साखर अकरालाच चढली. डॉक्टर म्हणाले, बुधवारी हाफ डे असतो हिचा, एकला सुटते, निघायची घाई, म्हणून म्हातारीला अकरालाच गिळायला घातलं असणार. नंतर गोंधळात दुसऱ्यांदा टोचलं. नायतर मुद्दाम."

"तिची वही आहे ना?"

सावेने टेबलाच्या खणातून पुठ्ठ्याची वही काढली. बोट टोचून घेतलेली साखर आणि त्याची वेळ शेवंती त्यात लिहायची. तोच आकडा कमरेच्या डबीतही भरावा लागे, नाहीतर ते शहाणं यंत्र भरकटत जाई. बोट टोचायचं मशीन जुनं, वेळ न ठेवणारं.

मनोरमाबाईंनी चष्मा पुसला आणि वही आलेखाशेजारी ठेवली. मंगळवारी संध्याकाळी सहा, बुधवारी सकाळी आठ, दुपारी साडेबारा. आलेखावर तेच तीन आकडे होते. पण साडेचार, साडेसहा आणि अकरा या वेळांना.

"साडेचारला? अहो, यंत्र बसवलं पाचला!"

"डॉक्टर म्हणाले चार-सव्वाचारला बसवलं असेल, नक्की आठवत नाही. वहीतल्या वेळा पोरगी अंदाजे लिहिते."

"आणि ही पोर अंदाजे लिहिते म्हणे. अंदाजे लिहिणारं माणूस तिन्ही वेळा बरोब्बर दीड तासच कसं चुकेल? एकदा वीस मिनिटं चुकेल, एकदा पाऊण तास. दीड, दीड, दीड? मी एकतीस वर्षं चुकीचे रिपोर्ट पकडलेत, सावे. चुका अशा शिस्तीत येत नाहीत."

"मग तिचं घड्याळ पुढे असेल."

"ती गिरिजाबाईंच्या भिंतीवरचं घड्याळ बघते. ते आकाशवाणीला लाजवेल असं चालतं. मशीनच दीड तास मागे असेल तर?"

"मॅडम," सावे हसला, "मशीन कशाला खोटं बोलेल? मशीनला काय डोंगरीची बस पकडायचीय?"

कोठडीत शेवंती भिंतीला टेकून बसली होती. मनोरमाबाईंना बघून उठली नाही. "मी टायमावर दिलान, बाय. जेवाण बी, सुई बी. वहीत लिवलंय तसाच हाय," ती म्हणाली. "माजी आय बाजारात टोपली घेऊन बसतं. तिचा म्हावरा कोन घेत न्हाय आता. म्हनतान, हिची पोर सुई मारून मान्सा मारतं."

बाहेर येताना मनोरमाबाईंचं डोकं तापलेलं होतं. एका बाजूला वही, दुसऱ्या बाजूला यंत्र. दोघांपैकी एक खोटं, आणि कोळ्याच्या पोरीची वही खरी मानायला या गावात एक माणूस तयार नव्हता. तिसरा साक्षीदार पाहिजे होता, ज्याच्या वेळेवर कोणी शंका घेणार नाही असा.

३

डॉक्टर निकेत सबनीस हे दीडशहाण्यांमधलं वरच्या प्रतीचं प्रकरण होतं. दवाखान्यात भिंतीवर त्यांचेच सहा फोटो. महिन्याभराने सिंगापूरच्या परिषदेत ते या यंत्राच्या चाचणीवर बोलणार होते, आणि देशभरातल्या चाचण्या कंपनी त्यांच्या हाती देणार अशी बातमी त्यांनी स्वतःच मीरा रोडभर केली होती.

"अत्यंत दुःखद," डॉक्टर म्हणाले आणि मोबाइल बघितला. "माझी सर्वांत शिस्तीची पेशंट."

"शिस्तीची? सोमवारी मला सांगत होत्या, तुमचं यंत्र एक दाखवतं आणि बोटाचं रक्त दुसरंच. मागच्या दोन खेपांना तुम्ही छापून दिलेले आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळत नाहीत म्हणे. कंपनीला पत्र लिहिणार होत्या."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त मोबाइल खिशात गेला. "वय झालं की संशय वाढतो, मॅडम. तुम्ही रक्त तपासायचात त्याला जमाना झाला. कातडीखालच्या पाण्यातली साखर रक्ताच्या दहा मिनिटं मागे असते, फरक दिसणारच. हे सगळं तुम्हाला नवीन आहे."

मनोरमाबाईंनी तो अपमान सुपारीसारखा गालात धरून ठेवला. "शिकवा की मग. वेळ कशी कळते याला?"

"यंत्र बसवताना भरावी लागते. ती मीच भरतो, हातावरच्या घड्याळाशी मिळवून. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही." डॉक्टरांनी आलेखाची प्रत काढली. "हे बघा, मंगळवारची संध्याकाळ. माझ्या तक्त्यात जेवण साडेसातला. पावणेआठला साखर चढायला लागली! याला म्हणतात शिस्त. पोलिसांसमोर सुनेनेही सांगितलं, साडेसातला जेवल्या म्हणून."

"काय जेवल्या?"

"तक्त्याप्रमाणे. दोन फुलके, पालेभाजी."

आलेखावरची रेघ पावणेआठला उठली होती ती थेट तीनशे दहापर्यंत. दोन फुलके आणि पालेभाजी! एवढ्याने तीनशे दहा होणार असेल तर निम्मं भाईंदर रोज संध्याकाळी बेशुद्ध पडायला हवं.

"त्यानंतर तुम्ही गिरिजाबाईंना बघितलंत कधी?"

"मंगळवारी यंत्र बसवलं तेच शेवटचं. बुधवारी सव्वापर्यंत दवाखाना, मग घरी जेवण, मग झोप," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

४

"काकू, चहा टाकू?" स्वप्नालीने विचारलं. डोळे सुजलेले होते. नवरा अभिनव गॅलरीत कोणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होता.

"टाक. दूध कुठाय?" मनोरमाबाईंनी उत्तराची वाट न बघता फ्रिज उघडला. दुधाच्या पिशवीमागे स्टीलचा डबा होता. दुसऱ्याच्या घरातले डबे उघडू नयेत, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी उघडला. आत तीन उकडीचे मोदक, कडेने सुकून चिरलेले.

"मोदक? कधीचे गं हे?"

स्वप्नालीच्या हातातली साखरेची बरणी ओट्यावर आपटली.

"मंगळवारचे," ती म्हणाली.

मनोरमाबाई आयुष्यात एकही उपास न केलेली बाई. घरात कॅलेंडर होतं ते गॅसच्या नंबराच्या तारखा लिहायला. मंगळवार, मोदक, एवढं ऐकूनही त्यांना दोन क्षण लागले, आणि मग स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"अंगारकी होती. गिरिजाने उपास धरला होता?"

"निर्जळी नाही, पण चंद्र उगवेपर्यंत तोंडात घास नाही. चाळीस वर्षं धरतात. डॉक्टरांनी बंद करायला लावला होता. त्यांच्यासमोर 'हो हो' म्हणायच्या आणि दर संकष्टीला करायच्या. आम्हा सगळ्यांना शपथ घातलेली, शेवंतीलासुद्धा. ती सातला घरी गेली. आम्ही गच्चीत जाऊन चंद्र बघितला, आरती केली, मग मोदक…" स्वप्नाली रडायला लागली. "चार खाल्ले त्यांनी, काकू. मी नको नको म्हणत होते."

"आणि पोलिसांना सांगितलंस साडेसातला जेवल्या?"

"डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांनीच विचारलं, साडेसातला जेवल्या ना? मी हो म्हटलं. काय सांगणार होते? शुगरवाल्या सासूला रात्री नऊपर्यंत उपाशी ठेवलं आणि वर मोदक घातले? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं माझ्या."

"आणि शेवंतीच्या तोंडात?"

"मला काय माहीत, यानं काही होईल म्हणून. तिला सोडतीलच ना. खरं कधी लपतं का?"

मनोरमाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिने पदर तोंडाला लावला. खरं लपतं की नाही माहीत नाही, बाई, पण तू लपवत होतीस ते मात्र छान जमलं होतं, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. ते त्यांनी गिळलं. "कॅलेंडर आण," एवढंच म्हणाल्या.

मंगळवारच्या चौकोनात बारीक अक्षरात चंद्रोदयाची वेळ छापलेली होती: रात्री आठ अठ्ठावन्न.

हाच तो तिसरा साक्षीदार. नऊच्या सुमाराला पहिला घास, सव्वानऊला साखर चढायला हवी. यंत्राने चढवली पावणेआठला. पुन्हा दीड तास! कोळ्याच्या पोरीच्या वहीत जो दीड तास होता तोच. मग बुधवारी साखर पावणेएकला नाही, सव्वादोनला घसरली, आणि डोस टोचला गेला पावणेदोनच्या आसपास. शेवंती तेव्हा बसमध्ये होती.

मनोरमाबाई चहा न पिताच लिफ्टने खाली उतरल्या. गेटवर रामनाथ वॉचमन तंबाखू मळत होता.

"बुधवार को दोपहर में कौन आया था रे? बारह बजे नहीं, डेढ़ के बाद."

रामनाथने रजिस्टर उलटलं. "डॉक्टरसाब आये थे, गाड़ी लेकर. एक पैंतीस. दस-पंद्रह मिनट में चले गये."

"पोलीस को बताया क्यों नहीं?"

"वो लोग पूछे बारह से सवा बजे तक कौन आया. उसमें तो कोई नहीं आया, मैडम. आगे का किसी ने पूछा ही नहीं."

५

शनिवारी सकाळी फौजदार सावेच्या टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. मनोरमाबाई, स्वप्नाली, डॉक्टर सबनीस आणि स्वतः सावे. डॉक्टरांना 'आलेख जरा समजावून द्या' म्हणून बोलावलं होतं, आणि समजावून द्यायला बोलावलं की हा माणूस अर्ध्या ताटावरून उठून येईल याची मनोरमाबाईंना खात्री होती.

"डॉक्टर, वेळ नक्की बरोबर आहे ना?" त्यांनी अगदी गरीब आवाजात विचारलं. "नाही म्हणजे, आम्ही जुनी माणसं."

"मिनिटाचा फरक नाही. मी स्वतः भरलीय."

"म्हणजे पावणेआठला साखर चढली, ती पावणेआठलाच?"

"किती वेळा सांगू? साडेसातला जेवल्या, पावणेआठला चढली."

"स्वप्नाली, बोल."

स्वप्नालीने मान खाली घालून सगळं सांगितलं. चंद्र, आरती, चार मोदक. मनोरमाबाईंनी कॅलेंडर टेबलावर आपटलं.

"उपास?" डॉक्टर ओरडले. "मी बंद केला होता! मी स्पष्ट सांगितलं होतं!"

"आणि तुम्हाला वाटलं तुमचं ऐकलं! अहो, कुठली बाई डॉक्टरने सांगितलं म्हणून अंगारकी सोडते? एवढी वर्षं या लोकांच्या नाड्या धरताय आणि त्या तुम्हाला तोंडावर खोटं सांगतात हे कळलं नाही? घड्याळ दीड तास मागे लावलंत, कारण पावणेदोनला टोचलेलं सव्वाबाराचं दिसायला हवं होतं, पोरगी घरात असतानाचं. तिची बुधवारची सुट्टी तुम्हाला ठाऊक होती. गिरिजाला काय, डॉक्टर आले, दंड पुढे केला. वर तुमचं नशीब असं की नऊचे मोदक साडेसातच्या फुलक्यांवर चपखल बसले, आणि तुम्ही ते सगळ्यांना कौतुकाने दाखवत सुटलात."

"घड्याळ लावताना चूक होऊ शकते," डॉक्टर म्हणाले. "माणूस आहे मी."

"आत्ताच म्हणालात मिनिटाचा फरक नाही. बरं, चूक म्हणू. मग बुधवारी एक पस्तीसला इंद्रलोकच्या गेटातून आत आलात ते काय चुकून? मला म्हणालात मंगळवारनंतर बघितलंच नाही."

सावेने रजिस्टर उघडून डॉक्टरांसमोर ठेवलं. आळशी माणसाला एकदा तयार ताट मिळालं की तो जेवतो बरा. गिरिजाबाईंच्या कपाटातून त्याने कंपनीला लिहिलेलं पत्रही आणलं होतं. दोन खेपांचे सव्वीस आकडे त्यात समोरासमोर मांडलेले होते, शाळकरी पोराची कॉपी पकडावी तसे. पत्राखाली बुधवारचीच तारीख होती.

"मी फक्त समजवायला गेलो होतो," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी फोनवरच म्हणाली, कंपनीला लिहिणार. ऐकायलाच तयार नव्हती. पाच वर्षांची मेहनत आहे माझी. एक रिटायर्ड मास्तरीण, तिला काय कळतं त्यातलं?"

"बेरीज-वजाबाकी," मनोरमाबाई म्हणाल्या. "समजवायला गेलात आणि घड्याळ आदल्या दिवशीच मागे लावून ठेवलंत? थू तुमच्या मेहनतीवर."

६

कोर्टातून सोमवारी शेवंती सुटली. अभिनव गाडी घेऊन गेला होता. स्वप्नालीने घरी चहा-फराळ मांडला होता, नवी साडीही आणली होती.

शेवंती दारातच उभी राहिली. साडीकडे तिने बघितलंही नाही.

"शेवंती, चुकलं गं माझं," स्वप्नाली म्हणाली. "माफ कर. उद्यापासून घरचं बघायला येशील ना? दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही."

"हितं माफी मागून काय करू?" शेवंती म्हणाली. "हितं मना कोनी खुनी म्हनला न्हाय. पोलिसाची गारी डोंगरीला आलती. माज्या आयचा म्हावरा तिकडं पडून रवतं. तिकडं येऊन बोला."

"तिकडे? सगळ्यांसमोर?" अभिनव मध्ये पडला. "अगं, पेपरात येईलच ना आता. आपण असं करू, तुझ्या आईला मी फोन…"

"चपला घाला," मनोरमाबाई म्हणाल्या.

"काकू, हिच्या शाळेतल्यांना कळलं तर…"

"पोरगी चार रात्री कोठडीत होती, ते तिच्या गावाला कळलंच की. चपला घाला दोघांनी."

डोंगरीच्या बाजारात संध्याकाळची गर्दी होती. शेवंतीची आई शकू शेवटच्या ओट्यावर बसून बोंबील चिरत होती, आणि तिच्या टोपलीपुढे कोणी नव्हतं. शेवंती आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बायकांनी बघितलं, एकेक करून सुऱ्या थांबल्या.

स्वप्नालीने पदर सारखा केला, इकडेतिकडे बघितलं. मनोरमाबाईंनी तिला जरासाही आधार दिला नाही.

"शेवंतीने काही केलेलं नाही," ती पुटपुटली. "डॉक्टरने मारलं माझ्या सासूला. सासूबाईंचा उपास होता, तो मी पोलिसांपासून लपवला. मी खोटं बोलले, म्हणून हिला धरलं."

शकूने बोंबलाचं डोकं उडवलं, सुरी पाण्यात बुचकळली, आणि मान वर न करताच म्हणाली, "जोरान बोल. मागच्यांना आयकू न्हाय आला."